चि. दिग्विजयच्या डोक्यावरील केसांबाबत खुलासा

मु. पो. कऱ्हाटी, ता. बारामती
वैशाख, सोमवार

श्रीयुत दत्तोबा यांना कऱ्हाटीहून मोहनरावांचा रामराम.

इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुमचा बीपी काय म्हणतो, वहिनींचे गुडघे कसे आहेत, नव्या बोअरचं पाणी टिकलं का आणि काळी गाय व्याली का, हे सगळं मला मनापासून जाणून घ्यायचं आहे. पण मी ते रागात विचारतो आहे, याची नोंद घ्यावी आणि उत्तर देताना तुम्हीही राग सोडू नये, म्हणजे बरोबरी राहील.

हे पत्र मला कागदावर लिहावं लागतंय, याला कारण तुम्हीच आहात. ‘आपली माणसं’ या व्हॉट्सॲप ग्रुपमधून तुम्ही मला काढून टाकलंत. (तो ग्रुप मीच काढला होता आणि तुम्हाला ॲडमिनही मीच केलं होतं, हे जाता जाता सांगतो.) फोन लावावा तर तो लागत नाही. नातवंडांना विचारलं तेव्हा कळलं की याला ब्लॉक करणं म्हणतात. आमच्या वेळी माणसं भांडली तर बांधावर येऊन भांडायची. निदान समोरच्याला उत्तर द्यायची संधी मिळायची. काढून टाकण्यापूर्वी तुम्ही ग्रुपवर जो आवाज टाकलात, तो सगळ्या सोयऱ्यांनी ऐकला. “दाजी, मी जिता हाय का मेलो, येवढं सांगा. जिता आसंन, तर माझ्या पोराच्या डोक्यावरचं केस कुठं गेलं?” फलटणच्या मावशींनी त्याखाली रडणारं तोंड टाकलं आणि कोणीतरी न ऐकताच तुम्हाला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. पण माझं उत्तर कोणाला ऐकायला मिळालं नाही. तेव्हा ते इथं सविस्तर देतो. चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, मला परदेशी जायची हौस होती असं तुम्ही सांगत सुटला आहात, ते आधी बंद करा. मी दूध संस्थेचा सचिव म्हणून निवृत्त झालेला माणूस. मला जायचं होतं ते फार तर कोल्हापूरला. शेतकी कॉलेजनं सहा पोरांचा अभ्यासदौरा हॉलंडला काढला, तिथल्या एका गवळ्याच्या घरी तीन आठवडे राहायचं आणि त्याच्या गोठ्यात काम करत शिकायचं असं ठरलं, तेव्हा आमच्या पडवीत येऊन कोण बसलं होतं? “दाजी, तुमी संगं जात आसाल तरच पोराला धाडतो, न्हायतर न्हाय,” हे वाक्य कोणाचं? कॉलेजला ‘पालक प्रतिनिधी’ हवा आहे हे तुम्हीच हुडकून आणलंत, माझं नाव मला न विचारता दिलंत आणि पासपोर्टच्या फोटोला तुमच्याच गाडीत बसवून नेलंत. फोटोवाल्यानं टोपी काढायला लावली तेव्हा माझी टोपी तुमच्या मांडीवर होती. आणि आता तुम्ही जगाला विचारता की दाजी तिथं काय करत होते. तुम्ही पाठवलंत तेच करत होतो. पोरावर लक्ष ठेवत होतो. पोरगं माझ्या डोळ्यांदेखत जे करत होतं, ते सगळं मी नीट पाहिलं आहे.

आता हॉलंड. त्या देशाबद्दल मला फार बोलायचं नाही. एप्रिल महिन्यात तिथं आपल्या पौषापेक्षा जास्त थंडी असते आणि जेवण म्हणजे सकाळी पाव, दुपारी पाव, आणि संध्याकाळी उकडलेला बटाटा, बहुधा दिवसभर पाव खाल्ल्याबद्दल. ज्याच्याकडे राहिलो तो हेंड्रिक नावाचा साडेसहा फुटी गवळी भला माणूस होता, पण बोलायचा नाही. सकाळी एकदा मान हलवायचा आणि ती संध्याकाळपर्यंत पुरवायचा. त्याच्या गोठ्यात गाय स्वतःच्या मनानं उठते, चालत यंत्रापाशी जाते, यंत्र खालून हात घालून धार काढतं आणि गाय परत येऊन बसते. माझी उभी नोकरी पहाटे लोकांना गाईमागे उठवण्यात गेली, दत्तोबा. तिथं गाईला कोणी विचारत नाही आणि गाय कोणाला विचारत नाही. आपली पोरं आठवड्याभरात तशीच झाली. मी पालक प्रतिनिधी म्हणून सकाळी हजेरी घ्यायला उभा राहायचो, तेव्हा ती केव्हाच गोठ्यात गेलेली असायची. बरोबर आलेले सौरभ सर (वय इतकं कमी की विमानात त्यांनाच कोणीतरी ‘पालक कुठे आहेत’ असं विचारलं) म्हणायचे, काका, तुम्ही आराम करा. दोन मुलींपैकी योगिनी, जिचे वडील बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात आहेत, तिनं तर मला खुर्ची आणून दिली आणि हवं-नको विचारून निघून गेली. माझ्यावर लक्ष ठेवायला सगळे होते, माझं लक्ष कोणाला नको होतं.

तुमच्या चिरंजीवांविषयी सांगायचं तर ते बॅग भरून बूट घेऊन आले होते. गोठ्यात घालायचे, गावात घालायचे, नुसते बघायचे. आणि त्यांची झोपायची सोय झाली ती नेमकी रामबरोबर, एकावर एक अशा पलंगावर. राम म्हणजे आमच्याच कऱ्हाटीचा, सोनबांचा नातू. बाप लहानपणीच गेला, सोनबांनी आणि बनाबाईंनी मेंढरांमागं फिरत त्याला वाढवला आणि शिकवला. त्यानं येताना आजोबांची घोंगडी आणली होती. पहिल्याच दिवशी दिग्विजय माझ्याकडे तक्रार घेऊन आला, की मामा, घोंगडीला वास मारतो, माझी खोली बदला. मी हेंड्रिकला सांगितलं. त्यानं मान हलवली आणि काहीच केलं नाही. पुढं दोन दिवसांत त्या खोलीतलं गरम हवेचं यंत्र बंद पडलं. सकाळी मी उठवायला गेलो तर वरचा पलंग रिकामा आणि खाली घोंगडीतून चार पाय बाहेर. त्यातल्या दोन पायांत तुमच्या चिरंजीवांचे महागाचे मोजे होते. वासाची तक्रार मला पुन्हा ऐकू आली नाही. मीच एकदा मुद्दाम विचारलं, तर म्हणाला, “कसला वास, मामा?”

(तुम्ही म्हणाल, केसांचं सांगा. केसांकडेच येतो आहे. कोणाचंही डोकं एकदम भादरत नाहीत, त्याआधी बरंच काही घडावं लागतं.)

तिकडे शेताला बांध नसतात, पाण्याचे चर असतात, पुरुषभर खोल आणि वरून हिरवे, म्हणजे जमीन कुठं संपली ते कळत नाही. एका दुपारी हेंड्रिकची एक कालवड त्या चरात पडली. पाणी बर्फासारखं, आणि ती गळ्यापर्यंत गाळात रुतून डोळे पांढरे करायला लागली. हेंड्रिक ट्रॅक्टर आणायला पळाला. तोवर तिचं तोंड पाण्याखाली जायला लागलं, म्हणून राम कपड्यांनिशी उतरला आणि तिची मान त्यानं खांद्यावर घेतली. मी काठावरून ओरडत होतो की कोणी पाण्यात उतरायचं नाही, हा पालक प्रतिनिधीचा हुकूम आहे. माझ्या शेजारून तुमचा दिग्विजय, ज्याला पोहता येत नाही, ज्याला शेणाचा शिंतोडा चालत नाही, ज्याला तुम्ही विहिरीच्या कठड्याजवळ जाऊ देत नाही, तो नव्या बुटांसकट आत गेला. त्यानं रामची कंबर धरली, कारण राम स्वतःच खाली जायला लागला होता. कालवड, तिच्याखाली राम आणि रामला धरून दिग्विजय, असे ते तिघं ट्रॅक्टर येईपर्यंत तिथं होते. कालवड निघाली. पोरं निघाली. तुम्ही वाढदिवसाला घेतलेल्या बुटांपैकी डावा बूट हॉलंडच्या सरकारकडे राहिला. मी दोघांनाही काठावर उभं करून अर्धा तास बोललो. दोघं थरथरत माझं ऐकत होते आणि मधूनच एकमेकांकडे बघून हसत होते. एवढा अपमान माझा संस्थेच्या वार्षिक सभेतही झाला नव्हता.

त्यानंतर दोनच दिवसांनी सोनबा गेले. सकाळी रानात निघाले होते, बांधावर बसले आणि बसलेलेच राहिले. घरच्यांनी रामला फोन केला, पण यायला विमान त्या दिवशी नव्हतं आणि इकडे वैशाखाच्या उन्हात वाट पाहण्यासारखं नव्हतं. चुलत्यानं फोनवरच त्याला आजोबांचं तोंड दाखवलं. हे तेव्हा आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. पोरानं फोन खिशात घातला आणि परत गोठा धुवायला गेला. दिग्विजयच्या लक्षात आलं, कारण राम धुतलेलीच जागा पुन्हा पुन्हा धूत होता. दिग्विजयनं पाण्याचा पाइप त्याच्या हातातून काढून घेतला आणि काय झालं ते विचारलं. राम म्हणाला, “आबा म्हनलं व्हतं, लवकर यी. पावसाआधी मेंढरं कालव्याला न्यायची हायत.” एवढंच. मग दोघं तिथंच ओल्या फरशीवर बसले. हेंड्रिक आला, त्याला काही विचारावं लागलं नाही. त्यानं पाण्याचा नळ बंद केला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

दहाव्यापर्यंतही आम्ही तिकडेच असणार होतो. राम कोणाला काही बोलला नाही, पण योगिनीनं ते दिवस मोजले होते. तिनं ठरवलं की दहावा इथंच करायचा. सौरभ सर घाबरून गेले, की परक्या देशात परवानगी लागेल, कॉलेजला कळवावं लागेल. मी म्हणालो, दहाव्याला परवानगी मागणारं पोरगं मी अजून पाहिलं नाही, आणि पाहिलंच तर ते तुम्ही असाल. (हे मी बोलायला नको होतं. सर चांगले आहेत.) वस्तरा कुठून आणायचा, हा प्रश्न होता. हेंड्रिक त्याच्या बांधावर गवत खायला थोडी मेंढरं ठेवतो, त्यांची लोकर कातरायचं यंत्र त्यानं पुढं केलं. चालवतो मी, असं खुणेनं सांगितलं. पण त्याला मेंढरांची सवय. त्यानं रामला खांद्याला धरून मागं ओढला, जमिनीवर बसवला आणि त्याचं डोकं गुडघ्यांत दाबून मान वाकडी केली. राम त्याही स्थितीत हसला. दहा दिवसांत पहिल्यांदा. तेव्हा यंत्र मी हातात घेतलं. होय, दत्तोबा, मीच. सगळी डोकी माझ्या हातून झाली आहेत. तुम्हाला ग्रुपवर कोणीतरी सांगितलं की परदेशी न्हाव्यानं केली, ते खोटं आहे.

रामचं झालं आणि तो उठला, तर त्याच्या जागेवर दिग्विजय येऊन बसला. मी यंत्र बंद केलं. म्हणालो, उठ, तुझा बाप जिवंत आहे. बाप असताना मुलगा डोकं भादरत नाही, हे तुला माहीत नाही का? तुझ्या घरी मी काय तोंड दाखवू? त्यावर तो जे बोलला ते जसंच्या तसं लिहितो, कारण तुम्ही ते त्याच्या तोंडून ऐकायला तयार नाही.

“मामा, पप्पा शंभर वर्षं जगतील. माझ्या केसात त्यांचं आयुष्य न्हाय. पर आज रामच्या भाऊबंदातलं हितं कोण हाय, सांगा. त्यानं एकट्यानंच बोडकं फिरायचं का?”

मी पालक प्रतिनिधी. संस्थेच्या सभेत मी चाळीस-चाळीस माणसांना गप्प केलं आहे. पण ते पोरगं खाली मान घालून बसलं होतं आणि मानेवर, केसांच्या खाली, ते लहान असताना आमच्या अंगणात पडून झालेली जुनी खूण होती. मी यंत्र चालू केलं. त्याच्यामागून गोकुळ बसला, मग अविराज. मग सौरभ सर कोणाला न विचारता येऊन बसले. मग माझ्या हातातून यंत्र रामनं घेतलं आणि मी बसलो. माझ्या डोक्यावर काढण्यासारखं फारसं नव्हतं, पण मिशी गेली. सोनबा माझ्यापेक्षा मोठे होते. माझ्या लग्नात, म्हणजे तुमच्याच दारात, वऱ्हाडाला त्यांनी मेंढरांचं दूध प्यायला घातलं होतं आणि तुमचे वडील त्यावरून महिनाभर हसत होते. मी त्यांच्यासाठी मिशी दिली, यात कोणाला काही वाटायचं कारण नाही.

मुलींनी भात शिजवला, योगिनीनं त्याचा पिंड केला आणि चराच्या काठावर पानावर ठेवला. आता कावळ्याची वाट बघायची. तिकडे कावळे आहेत, पण त्यांना त्यांचं काम माहीत नाही. गोठ्याच्या कौलांवर ओळीनं बसून ते बघत राहिले. मधेच एक पांढरा समुद्रपक्षी आला आणि अर्धा भात घेऊन गेला, तेव्हा हा चालतो का, यावर अविराज आणि गोकुळ यांच्यात वाद झाला. मी सांगितलं, चालत नाही. भात पुन्हा लावला. गोकुळ हात जोडून म्हणाला, आबा, रामचं शिक्षण आम्ही थांबू देणार नाही. कावळे बसले होते तसेच. योगिनी म्हणाली, बनाआजीकडं आम्ही जात राहू. काही नाही. राम पानावरचा भात पुन्हा पुन्हा नीट करत बसला. थंडीनं माझं नवं डोकं बधिर झालं होतं. तेव्हा तुमचा दिग्विजय पुढं झाला आणि म्हणाला, “आबा, औंदा मेंढरं कालव्याला जात्याल. रामसंगं मी सोता यीन.”

मी विज्ञान मानणारा माणूस आहे. दुधातलं फॅट काढण्यात माझा जन्म गेला. कावळा खाली आला तो भुकेनं आला, हे मला कळतं. पण तो आला, दत्तोबा. पिंडाला चोच लावून गेला. हेंड्रिक टोपी हातात घेऊन मागं उभा होता, त्यानंसुद्धा मान हलवली.

परतताना विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या बाईंनी आमची रांगच थांबवली. सहा बोडकी माणसं, आणि प्रत्येकाच्या फोटोत केस. त्यांनी विचारलं, तुम्ही कोण आहात, एखादा संघ आहात का? दिग्विजयनं इंग्रजीत सांगितलं, आमचे आजोबा वारले. बाईंनी विचारलं, सगळ्यांचे? तो म्हणाला, सगळ्यांचे. मागून योगिनी, जिचे केस शाबूत होते आणि जिला कोणी विचारलं नव्हतं, तीही म्हणाली, माझेही. मग बाई माझ्याकडे वळल्या. परक्या सरकारसमोर खोटं बोलणं हा गुन्हा आहे, हे मी पोरांना जातानाच बजावलं होतं. मी म्हणालो, माझे थोरले बंधू होते. बाईंनी शिक्का मारला.

आणि मुंबईला तुम्ही. गाडी घेऊन आला होतात, हातात हार होता. तुम्ही आम्हाला लांबून पाहिलंत, दिग्विजय “पप्पा” म्हणून पुढं झाला, आणि तुम्ही हार तसाच घेऊन वळलात आणि गाडीत बसून निघून गेलात. रात्रभर विमानात बसून आलेलं पोरगं. ते हात वर करून उभं राहिलं, मग तोच हात त्यानं डोक्यावरून फिरवला, जणू त्यासाठीच वर केला होता. मला सगळ्यात जास्त राग त्याचा आला आहे. ग्रुपमधून काढल्याचा नाही, ब्लॉकचा नाही. आम्ही एसटीनं आलो. त्याच्या आईच्या फोनवरून तुम्ही निरोप धाडलात की केस येईपर्यंत घराची पायरी चढू नको. ठीक आहे. तो तुमच्या पायरीवर नाही. तो हॉस्टेलवर आहे असं तुम्हाला वाटत असेल, तर तिथंही नाही. आल्या दिवसापासून तो इथं कऱ्हाटीत, बनाबाईंच्या घरी राहतो आहे.

आम्ही सगळे त्यांना भेटायला गेलो, तेव्हा मला भीती वाटत होती की म्हातारी आता हंबरडा फोडणार आणि आपल्याला सावरता येणार नाही. त्या दारात बसल्या होत्या. आधी रामच्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला. मग दिग्विजयच्या, गोकुळच्या, अविराजच्या, सरांच्या. माझ्यापाशी आल्यावर थोड्या थांबल्या, कारण मिशीशिवाय त्यांनी मला ओळखलं नव्हतं. मग म्हणाल्या, “ऊन लागंल रं. टोप्या घाला समद्यांनी.” आणि आत जाऊन चूल पेटवली.

तर हा माझा खुलासा. तुमच्या मुलाचं डोकं मी भादरलं, माझ्या हातांनी, पूर्ण शुद्धीत. पोरगं न्यायला दिलंत ते वेगळं होतं आणि आणलं ते वेगळं, ही तुमची तक्रार असेल तर ती मान्य आहे. पण नुकसान झालं असं मी मानत नाही, आणि माफी मागण्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही. मला तुमच्याकडून काहीही नको आहे. फक्त ग्रुपवर चार माणसांत बोललात, तसंच चार माणसांत मागं घ्या. वहिनींना नमस्कार.

आपला (अजूनही),
मोहनराव

ता. क. वरचा मजकूर कऱ्हाटीत लिहिला, पोस्टात टाकायचा राहिला. हे आता मेंढरांबरोबर चालत बारामती ओलांडून पुढं, कालव्याच्या पुलाच्या सावलीत लिहितो आहे. काहीही नको असं वर लिहिलं आहे, त्यात एक दुरुस्ती. तुमच्या बंगल्यामागचा कालव्याकाठचा ऊस तुटून रान मोकळं झालं आहे, असं कळलं. त्यात सोनबांची मेंढरं चार-सहा मुक्काम बसवायची आहेत. तुमच्या वडिलांच्या काळी ती त्याच रानात बसायची आणि त्यांच्या लेंडीखतावर पुढच्या वर्षीचा ऊस कसा यायचा ते तुम्हाला आठवत असेल. कॉलेज उघडेपर्यंत पोरं आळीपाळीनं राखणीला राहतील, पाऊस पडला की मेंढरं घरी नेतील. एमआयडीसीच्या फाट्यावर नेमकी कारखान्यांची पाळी सुटली होती. दोन्हीकडून मोटारसायकली आणि मधे आमची मेंढरं. दिग्विजय हात पसरून रस्त्यात उभा राहिला आणि एकेकाला “दादा, वाईच थांबा” म्हणत होता. तुमच्या मुलाला इतक्या लोकांशी इतक्या नरमाईनं बोलताना मी प्रथमच पाहिलं. गर्दीतल्या एकानं गाडी आडवी लावून बाकीच्यांना अडवलं. ते योगिनीचे वडील निघाले.

ता. क. दुसरा. बंगल्यापुढं तुम्ही जे हिरवं लॉन केलं आहे, त्यावर मेंढरं जाणार नाहीत असं वचन मी द्यायला तयार होतो. पण अजून मेंढरांशी माझं बोलणं झालेलं नाही. लहान फाटकातून ती येत नाहीत, मोठं उघडावं लागेल. पत्र घेऊन गोकुळ मोटारसायकलवर पुढं येतो आहे. त्याचा भाऊ लोणी देवकरच्या कारखान्यात आहे, त्याच्याकडे जेवून तो तुमच्याकडे येईल. तेव्हा हे तुमच्या हाती पडेल त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही पोचू. मी तुम्हाला विचारतो आहे असं वाटत असेल, तर तसं समजा.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. तुमची बहीणही बरोबर आहे. जीपनं जा म्हटलं तर ऐकलं नाही. ती कळपाच्या पुढं, बनाबाईंच्या शेजारून चालली आहे. फाटक बंद असलं तर काय करायचं, असं मी तिला विचारलं. ती चालता चालता म्हणाली, “ते माज्या बापाचं घर हाय. फाटक मी उघडंन.”